घरांचे वाढते भाव आणि वस्तीचे मोल

गेल्या पावसाळ्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला. हा विद्यार्थी वरळीच्या बी.डी.डी. चाळीत लहानाचा मोठा झालेला. तो म्हणाला, "सर, आमच्या आजोबांच्या वेळी चाळीचा पत्ता सांगितला की लोक नाक मुरडायचे. आता त्याच जागेवर टॉवर उभे राहताहेत आणि एजंट कोटीच्या खाली बोलत नाही. म्हणजे आमची वस्ती चांगली झाली, असेच ना?"

वर्गात लगेच दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की, लोक एवढे पैसे मोजायला तयार आहेत, त्याअर्थी वस्ती चांगली असलीच पाहिजे. बाकीच्यांचे म्हणणे, हा सगळा बिल्डरांचा खेळ आहे, त्यात वस्तीचा काही संबंध नाही. त्या दिवशी वेळ संपली आणि प्रश्न तसाच राहिला. आमच्या मते दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर होत्या. हा प्रश्न आज आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या दारात उभा असल्याने प्रस्तुत लेखात त्याचा थोडा सविस्तर विचार करीत आहोत.

१. एकाच जागेची शंभर वर्षे

प्रथम विद्यार्थ्याच्या चाळीचेच उदाहरण घेऊ. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतील दाट वस्तीचा प्रश्न सरकारपुढे आला आणि १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. पुढे १९२० मध्ये मुंबई विकास विभाग निघाला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बी.डी.डी. हे नाव पडले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी या विभागाने बांधल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास-मोरी सामाईक.

आता गंमत पाहा. मुंबईत घरांची एवढी टंचाई असूनही आरंभीच्या वर्षांत वरळीच्या चाळींतील अनेक खोल्या रिकाम्या पडून होत्या. भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर, आणि जागा तेव्हाच्या मानाने एका बाजूला. १९३० च्या सुमारास कायदेभंगाच्या चळवळीत पकडलेल्या सत्याग्रहींना ठेवण्यासाठी यांतल्या काही चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. समुद्र तेव्हाही तिथेच होता आणि वाराही तोच होता.

त्याच जागेवर आता म्हाडामार्फत पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांत जमीन बदलली नाही, भाव मात्र कुठल्या कुठे गेला. तेव्हा भावात जमिनीच्या आणि वस्तीच्या गुणांखेरीज आणखी काहीतरी मिसळलेले असते, एवढे तरी मान्य करावे लागते. ते काय, हे आता क्रमाने पाहू.

२. भाव कशाकशाने बनतो

(अ) सोय. पहिल्या तटाचे म्हणणे इथे खरे ठरते. स्टेशन जवळ, पाणी वेळेवर, चांगली शाळा, दवाखाना, रात्री उजेड असलेला रस्ता, या गोष्टींना माणूस पैसे मोजतो. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला, तेव्हा वरळीहून उपनगरात जाणे सोपे झाले आणि त्याचे प्रतिबिंब भावात पडणे स्वाभाविक होते. एकाच शहरात, एकाच काळात दोन वस्त्यांच्या भावांत जो फरक असतो, त्यातला बराच भाग या सोयींचा असतो.

परंतु आपला प्रश्न दोन वस्त्यांमधल्या फरकाचा नाही. तो वाढीचा आहे. काल पन्नास लाखांचे असलेले घर आज एक कोटीचे झाले, तर काल आणि आज यांच्यामध्ये वस्तीत काय बदलले, हे विचारले पाहिजे. पुष्कळदा उत्तर असते, काहीच नाही.

(आ) जमीन आणि नियम. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाचा सिद्धान्त मांडला. त्याचा सारांश असा की, जमीन महाग म्हणून धान्य महाग होत नाही. धान्याला भाव येतो म्हणून जमिनीला खंड मिळतो. हेच शहराला लावून पाहा. एखाद्या भूखंडावर किती घरे बांधून विकता येतील, यावर त्या भूखंडाची किंमत ठरते. आणि किती बांधता येईल, हे चटई क्षेत्र निर्देशांक ठरवतो, ज्याला आपण एफ.एस.आय. म्हणतो. निर्देशांक १.३३ असेल तर हजार चौरस मीटरच्या भूखंडावर १३३० चौरस मीटर बांधकाम होते. तोच ३ केला की ३००० चौरस मीटर होते. राजपत्रात एक अधिसूचना निघते आणि भूखंडाची किंमत वाढते. गल्लीतला नळ मात्र पूर्वीइतकाच वेळ चालतो.

गिरणगावात हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे सांगितले होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकाच्या विकासासाठी. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी पूर्ण जमिनीची न राहता केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. त्यामुळे मैदाने आणि परवडणारी घरे यांच्या वाट्याला येणारी जमीन फार कमी झाली. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

याचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा. लोकांना हवी असणारी मैदाने, बागा आणि स्वस्त घरे मिळण्याची शक्यता कमी झाली आणि त्याच काळात परळ-लोअर परळचे भाव चढत गेले. वस्तीला जे मिळायला हवे होते ते कमी मिळूनही भाव वाढला.

(इ) कर्ज. हा मुद्दा विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन समजून घ्यावा. एका कुटुंबाला दरमहा २०,००० रुपये हप्ता झेपतो असे समजू. मुदत वीस वर्षे. व्याजाचा दर १२ टक्के असेल तर या हप्त्यात सुमारे १८ लाख १६ हजार रुपये कर्ज मिळते. दर ८ टक्क्यांवर आला तर त्याच हप्त्यात सुमारे २३ लाख ९१ हजार मिळते. म्हणजे पगार तोच, हप्ता तोच, घरही तेच, पण खरेदीदाराच्या हाती जवळजवळ एकतृतीयांश रक्कम जास्त आली. असे हजारो खरेदीदार एकाच वेळी बाजारात उतरले आणि घरे मोजकीच असली, तर ती जादा रक्कम भावातच जिरते.

कराचेही तसेच. २०२० च्या सप्टेंबरात राज्य शासनाने मुद्रांक शुल्कात मोठी सवलत दिली. महामारीचा तो काळ, तरीही वर्षअखेरीस मुंबईत दस्त नोंदणीसाठी गर्दी उसळली. त्या चार महिन्यांत मुंबईतल्या वस्त्या काही अधिक चांगल्या झाल्या नव्हत्या.

(ई) उद्याची आशा. घर हे राहण्याचे ठिकाण आहे, तसे ते पैसा ठेवण्याचेही ठिकाण झाले आहे. हा दुसरा भाग किती मोठा आहे, हे भाड्यावरून कळते. भाडे देणारा माणूस आजच्या सोयीचे पैसे देतो. विकत घेणारा आजच्या सोयीचे आणि उद्या भाव वाढेल या आशेचेही देतो. मुंबईत घराचे वार्षिक भाडे साधारणतः किमतीच्या दोन-तीन टक्के असते. एक कोटीच्या घराचे भाडे महिना वीस-पंचवीस हजार. कर्जाचे व्याज मात्र याच्या कितीतरी पट. मग माणूस विकत का घेतो? स्वतःच्या छपराची ओढ असते, हे खरेच. पण पुष्कळांच्या बाबतीत भाव आणखी चढेल ही अपेक्षा असते. अशा अपेक्षेने भाव वाढतो, आणि वाढलेला भाव पाहून अपेक्षा पुन्हा वाढते.

ही आशा ओसरली की काय होते, तेही मुंबईने पाहिले आहे. १९९५ च्या सुमारास नरिमन पॉइंट येथील कचेऱ्यांच्या जागा जगातल्या सर्वांत महागड्या जागांत गणल्या जात होत्या. त्यानंतर काही वर्षे शहरातील भाव घसरत राहिले. त्या घसरणीच्या काळात मरीन ड्राइव्हचा समुद्र आटला नव्हता. भाव उतरला म्हणून जर वस्ती वाईट झाली असे आपण म्हणत नाही, तर भाव चढला म्हणून ती चांगली झाली, असे तरी का म्हणावे?

३. भाव चढला, माणसे घटली

एखादी जागा लोकांना अधिकाधिक हवीशी वाटत असेल, तर तिथे माणसे वाढावीत अशी आपली साधी समजूत असते. जनगणनेचे आकडे पाहा. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा भाग, याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. अडीच लाख माणसे कमी झाली. याच दशकाच्या उत्तरार्धात या भागातील घरांचे भाव झपाट्याने वाढले होते. दुसरीकडे तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून ११० लाखांच्या पुढे गेली.

ही घट केवळ महागाईमुळे झाली असे आम्ही म्हणत नाही. गिरण्या बंद पडल्या, राहत्या जागांच्या ठिकाणी कचेऱ्या आल्या, कुटुंबे लहान झाली, काहींना मोठी जागा हवी होती. पण एवढे निश्चित की, भावाचा आलेख आणि राहणाऱ्या माणसांचा आलेख उलट दिशांनी जाऊ शकतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. त्याच शहरातील चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. ज्या घराची राहण्यासाठी कोणाला निकड आहे ते घर त्याला मिळत नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला राहण्यासाठी त्याची निकड नाही.

४. बाजार कोणाची इच्छा मोजतो

वस्ती हवीशी आहे, असे म्हणताना विचारावे लागते, कोणाला हवीशी? बाजाराला इच्छा ऐकू येते ती पैशाच्या आवाजात. परळच्या रुग्णालयात पाळी करणाऱ्या परिचारिकेला रुग्णालयाजवळ राहावेसे वाटते. तिची इच्छा खरी आहे आणि गरजही खरी आहे. पण तिच्या खिशात तेवढे पैसे नसल्याने भावात ती मोजली जात नाही. परदेशात राहणाऱ्या गुंतवणूकदाराने वर्षातून आठ दिवस उतरण्यासाठी घेतलेले घर मात्र पूर्णपणे मोजले जाते.

पैसे असूनही इच्छा मोजली जात नाही, असेही घडते. आडनाव विचारून, जेवणात काय असते हे विचारून घर नाकारल्याचा अनुभव या स्मरणिकेच्या वाचकांना नवा नाही. प्रा. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व लगतच्या शहरांतील भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर नाकारले जाण्याचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसून आले. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारी उपविधी ग्राह्य धरली. अशा ठिकाणी "चांगली वस्ती" या शब्दांचा अर्थ कधी कधी "अमुक लोक नसलेली वस्ती" असा होतो. तो अर्थही भावात शिरतो. म्हणून भाव हाच वस्तीच्या योग्यतेचा दाखला मानणे आपल्याला तरी परवडणारे नाही.

५. भाव वाढला, लाभ कोणाचा?

आता घरच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, एका निवृत्त गिरणी कामगाराचे कुटुंब आहे. नवरा-बायको आणि दोन मुलगे. पुनर्विकासात एक सदनिका मिळाली. भाव कोटीच्या वर सांगितला जातो. कुटुंब श्रीमंत झाले का? विकल्याशिवाय पैसा हातात येत नाही, आणि विकले तर त्याच भागात दुसरे घर त्या पैशात येत नाही. थोरला लग्न होऊन तिथेच राहिला, तर धाकट्याला घर हवे. त्याला तो वाढलेला भाव द्यावा लागेल. बाप कागदावर जेवढा श्रीमंत झाला, तेवढाच धाकटा मुलगा आपल्या गल्लीपासून दूर गेला.

धाकटा बदलापूरला गेला असे समजू. दादरपर्यंत लोकलने सव्वा ते दीड तास. जाऊन-येऊन रोजचे तीन तास, महिन्याचे पंचवीस दिवस, वर्षाचे नऊशे तास. एखाद्या विद्यार्थ्याने नऊशे तास अभ्यासाला दिले तर काय होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तिथे घर मोठे मिळते, हवा मोकळी असते, हेही खरे. जाणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण हा निर्णय घेताना एजंटने सांगितलेला आकडा एकटाच डोळ्यांसमोर नसावा.

चाळीत राहणाऱ्या माणसाजवळ आणखी एक संपत्ती असते. तिचा दर शासनाच्या शीघ्र सिद्ध गणकात सापडत नाही. आई आजारी पडली तर शेजारची मावशी रात्रभर उशाशी बसते. कामाला जाणारी बाई मूल निर्धास्तपणे समोरच्या घरी ठेवते. विहाराच्या खोलीत संध्याकाळी दहावीची मुले अभ्यास करतात. नोकरीची जाहिरात आली की दहा जणांना कळते. घर विकून पैसे घेताना ही संपत्ती विकली जात नाही. ती तिथेच राहते, आणि आपण निघून जातो.

उलटही लक्षात ठेवले पाहिजे. चाळीचे कौतुक करताना सामाईक संडासाची रांग, गळके छत आणि दहा माणसांची एक खोली विसरता येणार नाही. ज्यांनी ती सोसली त्यांना स्वतंत्र घराचा पूर्ण हक्क आहे. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, सफाई यांचा मासिक देखभाल खर्च येतो. पेन्शनीत तो झेपेल का, हे मात्र आधीच मांडून पाहावे. घर मिळाले आणि खर्च न झेपल्याने ते विकावे लागले, असे कोणाचे होऊ नये.

६. मग वस्ती कशी मोजावी?

विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुचवीत आहोत. आपल्या वस्तीचे गेल्या दहा वर्षांचे शीघ्र सिद्ध गणकातील दर एका रकान्यात लिहा. शेजारच्या रकान्यांत पुढील प्रश्नांची तेव्हाची आणि आजची उत्तरे लिहा.

(१) नळाला पाणी किती तास येते?
(२) पालिकेची शाळा चालू आहे का, पट किती?
(३) मुलांना खेळायला मोकळी जागा किती उरली?
(४) सरकारी वा पालिकेचा दवाखाना पायी किती मिनिटांवर?
(५) रात्री दहाला कामावरून येणारी बाई एकटी चालत घरी येते का?
(६) इथे वाढलेल्या मुलामुलींपैकी किती जण लग्नानंतरही इथे राहू शकले?
(७) भाड्याने जागा मागायला आलेल्या माणसाला जात विचारली जाते का?

पहिला रकाना वाढत गेला आणि बाकीचे रकाने सुधारले, तर भाव वाढण्यामागे वस्तीच्या गुणांचा हात आहे असे समजावे. पहिला वाढला आणि बाकीचे तसेच राहिले किंवा खालावले, तर वाढ बाहेरून आली आहे. ती नियमांतून आली असेल, कर्जातून किंवा आशेतून आली असेल. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हे तक्ते जमवून वस्तीच्या सभेत ठेवावेत. पुनर्विकासाच्या बैठकीत चौरस फुटांबरोबर बालवाडी, अभ्यासिका आणि मैदान यांची मागणी करताना ते उपयोगी पडतील.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या रविवारी आम्ही उत्तर दिले ते असे : "तुझी वस्ती महाग झाली, हे एजंटने सांगितले आणि ते खरे आहे. ती चांगली झाली का, हे एजंटला सांगता येणार नाही. तिथे सकाळी पाणी भरणाऱ्या तुझ्या आईला विचार, आणि बदलापूरहून रोज कामाला येणाऱ्या तुझ्या काकांना विचार." तो गप्प बसला. थोड्या वेळाने त्याने वही उघडली आणि फळ्यावरचे सातही प्रश्न उतरवून घेतले.